आठ कोअरचा सर्व्हर, राबतो मात्र एकच : नेटवर्कचं काम सगळ्या कोअरमध्ये वाटायचं कसं?

हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना होणारे 'म्हणजे', 'तर' गाळलेत, दोन ठिकाणी आकडे नीट केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. हा भाग गाडीवर ऐकणाऱ्यांनी नंतर इथे येऊन वाचावा, कारण मधे काही कमांड आणि फाइलींची नावं आहेत, ती कानावर विसंबून टाइप करण्यात अर्थ नाही.

आजचा विषय बऱ्याच दिवसांपासून मागणीत होता. तुमच्यापैकी अनेक जण गावात, तालुक्यात छोटं इंटरनेट चालवता. कुणी केबल टीव्हीवरून फायबरकडे आलंय, कुणी मोठ्या कंपनीची फ्रँचायझी घेतलीय. सगळ्यांची तक्रार थोड्याफार फरकानं एकच असते : "सर्व्हर तगडा आहे, आठ कोअर आहेत, वापर तेरा-चौदा टक्क्यांच्या वर जात नाही, तरी संध्याकाळी नेट रांगतं."

या वाक्यात उत्तर दडलेलं आहे. शंभर भागिले आठ किती? साडेबारा. आठातला एक कोअर पूर्ण पिळून निघतोय आणि उरलेले सात हातावर हात धरून बसलेत, तर सरासरी साडेबारा टक्केच दिसणार. त्यात इकडचं तिकडचं मिळवा, झाले तेरा-चौदा. आलेख हिरवा, गिऱ्हाईक लाल. म्हणून सांगतो, नेटवर्कच्या मशीनवर सीपीयूची सरासरी कधी बघू नका. 'टॉप' चालवा आणि १ चं बटण दाबा, प्रत्येक कोअर वेगळा दिसेल. त्यात 'एसआय' नावाचा आकडा असतो, सॉफ्ट इंटरप्ट. एकाच कोअरसमोर तो शंभराच्या जवळ आणि बाकीच्यांसमोर शून्य-एक असेल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे.

पॅकेट आलं की नेमकं काय होतं?

नेटवर्क कार्डावर पॅकेट येतं. कार्ड ते सीपीयूला न विचारता थेट मेमरीत ठेवतं. तिथे एक गोल रांग असते, तिला रिंग म्हणतात. मग कार्ड एका कोअरला हाक मारतं, तो इंटरप्ट. कोअर हातातलं काम टाकून येतो, "ठीक आहे, बघतो" म्हणतो आणि खरं काम सॉफ्ट इंटरप्टमध्ये करायला घेतो.

पूर्वी प्रत्येक पॅकेटला एक हाक असायची. पॅकेट वाढली की कोअर फक्त हाका ऐकत बसायचा, काम पुढे सरकायचंच नाही. याला 'रिसीव्ह लाइव्हलॉक' म्हणतात. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांचा यावरचा १९९६ चा निबंध प्रसिद्ध आहे. लिनक्समध्ये त्यावर उपाय आला तो 'नॅपी' या नावानं. २००१ च्या सुमारास जमाल हदी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझ्नेत्सोव यांनी तो मांडला. कल्पना सोपी : पहिली हाक ऐकली की कार्डाला सांगायचं, "आता ओरडू नको, मीच येऊन रांग उपसतो." रांग रिकामी झाली की पुन्हा हाक मारायची परवानगी. एका फेरीत किती उपसायचं यालाही मर्यादा आहे. लिनक्समध्ये ती मुळात ३०० पॅकेट किंवा काही मिलिसेकंद, जे आधी संपेल ते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वेळेचा हिशेब. १० गिगाबिटच्या वायरवर सगळ्यात लहान, म्हणजे ६४ बाइटची पॅकेट पाठोपाठ आली तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार होतात. एका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरला तेवढ्यात साधारण २०० टिकटिकी मिळतात. आणि हवी ती माहिती कॅशमध्ये नसेल, मुख्य मेमरीतून आणावी लागली, तर त्या एका फेरीतच जवळपास तेवढा वेळ जातो. म्हणजे पहिलं पॅकेट हातात घेईपर्यंत दुसरं दारात. मोठी पॅकेट असली तर चित्र बरंच सुसह्य आहे, सेकंदाला ८ लाख १२ हजार, प्रत्येकाला १२३० नॅनोसेकंद. खरा ट्रॅफिक या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो. पण राउटरला नुसतं पॅकेट घ्यायचं नसतं. पत्ता बदलायचा असतो, म्हणजे नॅट. फायरवॉल तपासायची, गिऱ्हाइकाचा प्लॅन ५० एमबीपीएसचा की १०० चा ते बघून वेग आवरायचा, हिशेब ठेवायचा, मग पुढे ढकलायचं. आणि लिनक्समध्ये ज्या कोअरनं पॅकेट उचललं, तोच साधारण हे सगळं शेवटापर्यंत करतो. म्हणून उचलण्याचं काम एका कोअरवर अडकलं की पुढची सगळी कामं त्याच्याच डोक्यावर.

मग आळीपाळीनं का वाटत नाहीत?

पहिलं पॅकेट पहिल्या कोअरला, दुसरं दुसऱ्याला, आठवं आठव्याला, नववं परत पहिल्याला. ऐकायला छान आहे. करू नये.

मोंढ्यात सोयाबीनचा हंगाम डोळ्यांपुढे आणा. आठ काटे आहेत. एका शेतकऱ्याच्या तीन ट्रॉल्या आल्या. पहिली एका काट्यावर, दुसरी दुसऱ्यावर, तिसरी तिसऱ्यावर पाठवली. तिसरा काटा मोकळा होता, त्याची पावती आधी निघाली. पहिल्या काट्यावर भांडण चाललंय, तिथली पावती अर्ध्या तासानं. आता अडत्याच्या पेढीवर मुनीमजी म्हणतो, "तिसरी ट्रॉली आली, पहिली कुठंय? हरवली बहुतेक. पुन्हा पाठवा." टीसीपी हेच करतं. मधलं पॅकेट राहून पुढची आली, तर घेणारा प्रत्येक वेळी "मला अजून अमुकच हवंय" असं कळवतो. तसे तीन निरोप एकापाठोपाठ गेले की पाठवणारा समजतो पॅकेट हरवलं. तो ते पुन्हा पाठवतो आणि वर आपला वेगही कमी करतो. काहीच हरवलेलं नसतं, फक्त क्रम चुकलेला असतो, तरी वेग पडतो.

दुसरं कारण कॅशचं. एका जोडणीची माहिती, तिचा नॅटचा नोंदीचा कागद, ज्या कोअरकडे गरम आहे त्याच्याकडेच पुढचं पॅकेट गेलं तर काम झटकन होतं. दर वेळी नवा कोअर आला की तो कागद इकडून तिकडे ओढायचा.

तर नियम असा : एका शेतकऱ्याच्या सगळ्या ट्रॉल्या एकाच काट्यावर, वेगवेगळे शेतकरी वेगवेगळ्या काट्यांवर. शेतकरी म्हणजे आपल्या भाषेत 'फ्लो'. पाठवणाऱ्याचा आयपी, घेणाऱ्याचा आयपी, दोन्हीकडचे पोर्ट आणि प्रोटोकॉल, या पाच गोष्टी सारख्या असल्या की फ्लो एकच.

हे वाटप कार्डानंच करायचं, या तंत्राला 'आरएसएस' म्हणतात, रिसीव्ह साइड स्केलिंग. हे मायक्रोसॉफ्टनं विंडोजसाठी मांडलं आणि नंतर सगळ्यांनी उचललं. कार्डात एकाऐवजी अनेक रांगा असतात, प्रत्येक रांगेचा इंटरप्ट वेगळ्या कोअरला जातो. पॅकेट आलं की कार्ड त्याचे आयपी आणि पोर्ट वाचतं, ४० बाइटची एक गुप्त किल्ली वापरून त्यांचा हॅश काढतं आणि हॅशच्या शेवटच्या काही बिटांवरून एका तक्त्यात बघतं, कुठल्या रांगेत टाकायचं. इंटेलच्या ८२५९९ या बहुपरिचित चिपमध्ये हा तक्ता १२८ खणांचा आणि रांगा १६ आहेत. हॅशच्या पद्धतीचं नाव टोप्लिट्झ. ऑटो टोप्लिट्झ हा जर्मन गणिती, १८८१ ते १९४०. त्याच्या नावाच्या मॅट्रिक्समध्ये तिरक्या रेषेवरचे सगळे आकडे सारखे असतात, म्हणून ते कार्डाच्या सिलिकॉनमध्ये स्वस्तात बसवता येतं. बिचाऱ्याच्या आयुष्यात संगणक नव्हता आणि आज जगातल्या बहुतेक सर्व्हर कार्डांत त्याचं नाव फिरतंय.

इथपर्यंत पुस्तकी झालं. आता गावाकडे येऊ.

राणीसावरगाव

परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगराकडे राणीसावरगाव आहे. रेणुकादेवीच्या मंदिरामुळे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. तिथे माझ्या वर्गमित्राचे थोरले भाऊ इंटरनेट चालवतात. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो, इथेही तेच नाव. आधी केबलचा धंदा होता, आता गावात आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर फायबर. घराच्या पुढच्या खोलीत एक रॅक, त्यात लिनक्सचा एक सर्व्हर, आठ कोअरचा. एका बाजूच्या कार्डाला वरून येणारी लाइन, दुसऱ्या बाजूच्या कार्डाला गाव.

जुलैचा शेवटचा आठवडा होता. ज्यांची शेती आहे त्यांना हे दिवस सांगायला नकोत. खरिपाच्या पीकविम्याची मुदत ३१ जुलैला संपते आणि सेवा केंद्रांवर रात्री उशिरापर्यंत माणसं बसून असतात. सातबारा, पासबुक, पेरणीचं घोषणापत्र, सगळं स्कॅन करून चढवायचं. दादांच्या नेटवर अशी तीन केंद्रं. दिवसभर ठीक चालायचं. सात-साडेसातला लोक शेतातून घरी आले, मोबाइल वायफायला लागले की अपलोडचं चक्र फिरत राहायचं. एका केंद्रवाल्यानं सरळ सांगितलं होतं, उद्या सुधारलं नाही तर दुसऱ्याची जोडणी घेतो.

दादांचा फोन आला. "आठ वाजले की नेट रडू लालंय बघ. वरच्या कंपनीला चार वेळा बोललो, ते म्हणतात आमच्याकडून बरोबर आहे. सर्व्हरवाला म्हणतो सोळा कोअरची मशीन घ्या. दोन-अडीच लाख सांगायलाय. सोसायटीचं कर्ज अजून फिटलं नाही. काय करू?"

मी म्हटलं, "दादा, आज रात्री काही विकत घेऊ नका. आठ वाजता मला आत येऊ द्या."

पहिली तपासणी दोष कुठल्या टप्प्यात आहे याची. सर्व्हरवरून बाहेर पिंग : स्वच्छ, दिवसासारखंच. म्हणजे वरची कंपनी खरं बोलत होती. मग एका गिऱ्हाइकाच्या घरून सर्व्हरपर्यंत पिंग. दिवसा दोन-तीन मिलिसेकंद, आणि आता शंभरच्या पुढे, मधेच गायब. तेवढ्या दोन-तीन किलोमीटरच्या फायबरमध्ये शंभर मिलिसेकंद लावायला काही नाही. म्हणजे पॅकेट सर्व्हरच्या दारात येऊन उभं राहतंय.

टॉप, मग १. पहिला कोअर, ज्याला लिनक्स शून्य म्हणतं, सॉफ्ट इंटरप्टमध्ये पूर्ण बुडालेला. बाकी सात जवळपास झोपलेले. 'ईथटूल'ला मोठ्या एस् चा पर्याय देऊन कार्डाच्या रांगांचे आकडे बघितले. वरच्या लाइनच्या कार्डावर आठही रांगा जवळपास सारख्या भरलेल्या. गावाकडच्या कार्डावर शून्याव्या रांगेत अब्जावधी पॅकेट आणि बाकीच्यांत नावापुरती.

आता यातलं कोडं बघा. दोन्ही कार्डं सारखी, आरएसएस दोन्हीवर चालू, रांगा दोन्हीकडे आठ. एक वाटतंय, एक वाटत नाही. का?

कारण गावाकडच्या वायरवर नुसता आयपी नाहीच. दादा गिऱ्हाइकाला आयडी-पासवर्ड देतात, म्हणजे 'पीपीपीओई'. फेब्रुवारी १९९९ च्या आरएफसी २५१६ मधली ही पद्धत. आपल्याकडे बरेच ऑपरेटर अजून तीच वापरतात, कारण बिल थकलं की आयडी बंद, काम संपलं. यात प्रत्येक पॅकेटवर ८ बाइटचं जास्तीचं वेष्टण चढतं. तुमच्या राउटरमध्ये एमटीयू १५०० ऐवजी १४९२ दिसतो तो या ८ बाइटमुळेच. आणि इथरनेटच्या मथळ्यावर 'आत काय आहे' हे सांगणारा आकडा असतो. आयपी आवृत्ती ४ साठी तो ०८००, आवृत्ती ६ साठी ८६डीडी. पीपीपीओईसाठी तो असतो ८८६४.

मोंढ्याच्या गेटवरचा माणूस ट्रॉलीवरचं नाव वाचून काटा ठरवतो, हे आपण ठरवलं. आता सगळ्या ट्रॉल्या ताडपत्री बांधून आल्या आणि नाव ताडपत्रीखाली गेलं. गेटवाल्याला ताडपत्री सोडायची परवानगी नाही. तो काय करणार? "कुणाची आहे कळत नाही, जा एक नंबरला." सगळ्याच एक नंबरला. बरीच कार्डं नेमकं हेच करतात. ०८०० दिसलं नाही की आयपी सापडत नाही, आयपी नाही तर हॅश नाही, हॅश नाही तर रांग शून्य. कार्ड बिघडलेलं नसतं, त्याला तेवढंच शिकवलेलं असतं. काही नव्या कार्डांना ताडपत्रीखाली बघता येतं, म्हणजे पीपीपीओईच्या आतला आयपी वाचता येतो, काहींत त्यासाठी वेगळं प्रोफाइल चढवावं लागतं. जुन्या बाजारात मिळणाऱ्या कार्डांकडून ती अपेक्षा धरू नका.

त्यात भर म्हणजे वरच्या कार्डाची शून्यावी रांगही त्याच शून्याव्या कोअरवर बांधलेली होती. आधीच एकाच्या खांद्यावर सगळं गाव, त्यात वरचंही थोडं.

इथे एक प्रश्न येतो, दादांनीही विचारला : "अरे पण गिऱ्हाइकं डाउनलोडसाठी रडायलीत. गावाकडून येणारं म्हणजे अपलोड. ते अडलं तर डाउनलोड कामून पडावं?" फार नेमका प्रश्न आहे. डाउनलोड होताना तुमचा मोबाइल दर काही पॅकेटांमागे एक पोच पाठवत असतो, "मिळालं, पुढचं पाठव." ती पोच अपलोडच्या दिशेनं जाते, म्हणजे गावाकडच्या कार्डातून, शून्याव्या रांगेतून, त्या एकाच दमलेल्या कोअरमधून. पोच उशिरा पोचली की पाठवणारा थांबतो. व्हिडिओ अडकतो तो असा. आणि सेवा केंद्राचं तर खरोखरचंच अपलोड होतं, त्याला दुहेरी मार.

सोळा कोअरच्या मशीनचं काय झालं असतं, तेही सांगतो. सोळातला एक कोअर भरला असता, पंधरा झोपले असते आणि आलेखावर सव्वासहा टक्के दिसले असते.

ताडपत्री सोडणारा माणूस : आरपीएस

कार्डाला जमत नाही ते लिनक्स कर्नलला जमतं. २०१० मध्ये, २.६.३५ या आवृत्तीत, गूगलच्या टॉम हर्बर्टनं 'आरपीएस' आणलं, रिसीव्ह पॅकेट स्टिअरिंग. पॅकेट शून्याव्या कोअरनं उचलायचं, पण पुढचं काम करायचं नाही. फक्त उघडून बघायचं, फ्लोचा हॅश काढायचा आणि ज्याच्या वाट्याचं आहे त्या कोअरच्या टोपलीत टाकून त्याला खुणावायचं. कर्नलला पीपीपीओईचं वेष्टण उघडून आतला आयपी वाचता येतो, हे आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं. म्हणजे एक नंबरच्या काट्यावरचा माणूस आता स्वतः वजन करत नाही, ताडपत्री उचलून नाव बघतो आणि ट्रॉली बाकीच्या काट्यांकडे वळवतो. नॅट, फायरवॉल, वेग आवरणं, ही सगळी जड कामं तिकडे.

करायचं कसं? ही फाइल : सिस, मग क्लास, नेट, तुमच्या कार्डाचं नाव, क्यूज, आरएक्स उणेचिन्ह शून्य, आणि शेवटी आरपीएस अधोरेषा सीपीयूज. तिच्यात मुळात शून्य असतं, म्हणजे आरपीएस बंद. तिथे सोळाच्या पायातला एक आकडा लिहायचा, प्रत्येक कोअरला एक बिट. आठही कोअर हवे असतील तर 'एफएफ'. मी दादांकडे 'एफई' लिहिलं, म्हणजे शून्यावा कोअर सोडून बाकी सात. इंटरप्ट जोरात असले की उचलणाऱ्या कोअरला उचलूच द्यावं, त्याला वर वजनाचं काम देऊ नये. वरच्या कार्डाची शून्यावी रांगही उचलून दुसऱ्या कोअरवर नेली. त्यासाठी प्रॉक, आयआरक्यू, इंटरप्टचा क्रमांक आणि एसएमपी अधोरेषा अफिनिटी ही फाइल असते. क्रमांक 'प्रॉक इंटरप्ट्स' मध्ये सापडतो.

एंटर दाबलं तेव्हा रात्रीचे पावणेनऊ झाले होते. काही रीस्टार्ट लागत नाही, एकही गिऱ्हाईक तुटत नाही. टॉपमध्ये शून्याव्या कोअरचा आकडा निम्म्याखाली आला आणि बाकी सातांत हालचाल दिसायला लागली. गिऱ्हाइकाच्या घरचं पिंग एक आकडी. दादांनी केंद्रवाल्याला फोन लावला, तो म्हणाला, "थांबा, अर्ज चढू लालेत, नंतर बोलतो." फोन ठेवून दिला.

पण काम तिथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी मी 'प्रॉक, नेट, सॉफ्टनेट अधोरेषा स्टॅट' बघितली. ही फाइल दिसायला भयंकर आहे, नुसते सोळाच्या पायातले आकडे, वर नाव नाही, गाव नाही. प्रत्येक ओळ एका कोअरची. पहिला रकाना : किती पॅकेट हाताळली. दुसरा : टोपली भरली म्हणून किती फेकली. तिसरा : ३०० पॅकेट किंवा काही मिलिसेकंदांची ती मर्यादा संपली, पण रांगेत माल उरला होता, असं किती वेळा झालं. आधी शून्याव्या कोअरचा तिसरा रकाना सारखा पळत होता, तो आता शांत. मात्र दोन कोअरच्या दुसऱ्या रकान्यात थोडी फेकाफेक सुरू झाली होती. ती टोपली म्हणजे 'नेटडेव्ह मॅक्स बॅकलॉग', मुळात १००० पॅकेटची. ती ४००० केली, फेकाफेक थांबली. उगाच लाखभर करू नका. टोपली मोठी म्हणजे थांबणंही लांबतं, आणि थांबणं लांबलं की व्हिडिओ कॉलवाला तुमच्या नावानं शिमगा करतो.

ही सगळी लिहिलेली माहिती मशीन बंद होऊन चालू झाली की पुसली जाते. राणीसावरगावला पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको. म्हणून तीन ओळींची स्क्रिप्ट करून ती सर्व्हर सुरू होतानाच चालेल अशी ठेवली.

फुकट काही नाही

आरपीएसची किंमत असते. एका कोअरनं दुसऱ्याला खुणावणं म्हणजे एक इंटरप्टच. शिवाय पॅकेटचा मथळा एका कोअरच्या कॅशमधून दुसऱ्याकडे ओढला जातो. म्हणून कार्डाला वाटप जमत असेल तर आरएसएसच वापरा, आरपीएस वरून लादू नका. दादांच्या वरच्या कार्डावर आम्ही ते लावलं नाही, तिथे गरजच नव्हती. आणि शून्याव्या कोअरला अजूनही प्रत्येक पॅकेट हात लावून पुढे द्यावं लागतंय, म्हणजे छत तिथेच आहे, फक्त बरंच उंच गेलंय. गिऱ्हाइकं तिपटी-चौपटीनं वाढली तर ते परत डोक्याला लागेल. तेव्हा पर्याय दोन. एक, पीपीपीओई समजणारं कार्ड. दुसरा, पीपीपीओई सोडून थेट आयपी देणं, म्हणजे ताडपत्रीच काढून टाकणं. दुसरा तांत्रिकदृष्ट्या स्वच्छ, पण आयडी-पासवर्डवर बसलेली सगळी बिलिंगची घडी मोडावी लागते. पाच-सहाशे जोडण्यांच्या ऑपरेटरनं त्यासाठी घाई करावी असं मला वाटत नाही.

आरपीएससोबत 'आरएफएस' हे नावही वाचायला मिळेल. ते पॅकेट वाचणारा प्रोग्रॅम ज्या कोअरवर चालतोय तिथेच पॅकेट नेतं. वेब सर्व्हर, डेटाबेस असेल तर जरूर लावा. राउटरवर पॅकेट कुठल्या प्रोग्रॅमकडे जातच नाही, आल्या पावली पुढे जातं, त्यामुळे आपल्याला त्याचा उपयोग नाही. यूट्यूबवरच्या 'या दहा सेटिंग करा, नेट रॉकेट होईल' छाप व्हिडिओंत तेही घुसडलेलं असतं.

आणि हे सगळं करूनही एक गोष्ट होत नाही. एक फ्लो आठ कोअरवर पसरत नाही. मुद्दाम पसरवत नाही, क्रमासाठी. म्हणून एकाच जोडणीची चाचणी घेतली तर एका कोअरचाच दम दिसतो. 'आयपर्फ' नुसता चालवला की एक आकडा येतो, आठ समांतर जोडण्या देऊन चालवला की वेगळा. दोन्ही खरे असतात. एखाद्या कार्यालयाचा सगळा कारभार एका व्हीपीएन बोगद्यातून जात असेल, तर बाहेरून तो एकच फ्लो दिसतो, मग आत शंभर माणसं असोत. तिथे कोअर किती यापेक्षा एक कोअर किती वेगवान हे महत्त्वाचं. मशीन घेताना हे विचारा. कमी वेगाचे सोळा कोअर आणि जास्त वेगाचे आठ, यांत मी नेटवर्कसाठी डोळे झाकून आठ घेईन.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

एकानं लातूरहून विचारलंय, "आयआरक्यू-बॅलन्स चालू आहे, मग हे आपोआप का होत नाही?" तो प्रोग्रॅम इंटरप्ट कुठल्या कोअरवर जावा हे अधूनमधून बदलतो. रांगा आठ असतील तर त्या आठ कोअरवर पसरवतो, चांगलं काम करतो. पण सगळा माल एकाच रांगेत असेल तर तो फार तर ती रांग या कोअरवरून त्या कोअरवर हलवेल. एका वेळी राबणारा एकच. दमलेला बैल बदलला, जोडी झाली नाही. आणि तुम्ही हातानं अफिनिटी बांधणार असाल तर हा प्रोग्रॅम बंद करा किंवा ते इंटरप्ट त्याच्या यादीतून वगळा, नाहीतर तुम्ही बांधलेलं तो थोड्या वेळानं सोडून ठेवेल.

दुसरा प्रश्न मायक्रोटिकवाल्यांचा, आणि तुम्ही बरेच आहात. तुमच्याकडेही हेच तत्त्व आहे. राउटरओएसमध्ये सिस्टिम, रिसोर्स, आयआरक्यू, त्याखाली आरपीएस, तिथे पोर्टनिहाय चालू-बंद करता येतं. आधी टूल्स, प्रोफाइलमध्ये जाऊन सीपीयू 'ऑल' निवडा आणि एकच कोअर भरलाय का ते बघा. भरला नसेल तर हात लावू नका. आणि 'माझ्याकडे ३६ कोअरचा सीसीआर आहे, मला काय' म्हणणाऱ्यांसाठी : त्या सीसीआर १०३६ वर सहाव्या आवृत्तीचं राउटरओएस असेल, तर बीजीपीचं काम एकाच कोअरवर चालतं. पूर्ण राउटिंग टेबल घेतलंत की छत्तीसपैकी पस्तीस बघत बसतात आणि एक मिनिटं मोजतो. तिथे आरपीएसचा काही संबंध नाही, ते पॅकेटचं नाही, हिशेबाचं काम आहे. त्यावर वेगळा भाग करू, बीजीपीवाले दोघं-तिघं तयार असतील तर त्यांनाच बोलायला बसवू.